चार पितळी स्क्रू

मी एक जुनी चक्री आहे. पतंगाची नव्हे, मासे धरायची. गळाच्या काठीला बुडाशी लावतात, जिच्यावर दोरी गुंडाळलेली असते, ती. हल्ली सगळे रील म्हणतात. म्हणोत बापडे! मी चक्री म्हणून जन्मले आणि चक्री म्हणूनच गंजणार.

मित्रांनो, म्हणायची रीत आहे म्हणून मित्रांनो म्हणते. तुमच्यातल्या एकानंही मला कधी फडक्यानं पुसलेलं नाही, तेव्हा उगाच सलगी नको. गप्प बसा आणि ऐका.

माझा जन्म भाईंदर पूर्वेला झाला, खारी गावाला लागून असलेल्या एका गाळ्यात, लेथ मशीनवर. ईश्वर मिस्त्री नावाच्या कारागिरानं मला एका मोडक्या बोटीच्या जाड पितळी तुकड्यातून कातून काढलं. तो तुकडा आणला होता उत्तनच्या पास्कूनं. पास्कू म्हणजे माझा मालक. त्याचा बाप दर्यावर गेला, आजा दर्यावर गेला, आणि हा पठ्ठ्या बोटीत पाय ठेवला की ओकायला लागायचा. कोळ्याच्या पोटी असा मुलगा! गाव हसलं. जाळीवाल्यांनी तर त्याला उभं राहणं मुश्कील केलं. मग पास्कू चिडून म्हणाला, दर्या मला आत घेत न्हाय तर मी बाहेर उभा राहून त्याचं घेईन. म्हणून मी.

मजुरी म्हणून ईश्वर मिस्त्रीनं गळाला लागलेला पहिला जिताडा मासा मागितला होता. पास्कूनं तो डोक्यावर घेऊन खारीला नेऊन दिला. त्या काळी माणसं बोललेलं लक्षात ठेवायची.

माझ्या जोडीला आला बांबू. भरीव, आठ हात लांब, आगीवर शेकून शेकून सरळ केलेला. चार पितळी स्क्रूंनी पास्कूनं मला त्याच्या बुडाशी बसवलं. चौथा स्क्रू नेमका पेरावर आला, तिथं भोक मोठं पडलं आणि स्क्रू सैल राहिला. पास्कूनं चर्चच्या कॅलेंडरचा कोपरा फाडला, घडी करून भोकात कोंबला आणि वरून स्क्रू आवळला. झालं काम. पुढची चाळीस वर्षं मी तसूभर हलले नाही. बांबूचं आणि माझं पटायचं असं मात्र समजू नका. तो कुरकुरायचा, मी खडखडायचे. पण मासा लागला की तो वाकायचा आणि मी सुटायचे, आणि त्या वेळी आमच्यात चुकूनसुद्धा गोंधळ झाला नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं रामायण यावरच आहे. मला ब्रेक नाही. मासा पळायला लागला की मी गरागरा फिरते, माझी मूठ फिरते, आणि मध्ये बोटं आली तर सालपटं निघतात. मला आवरायचं एकच साधन, माणसाचा अंगठा. तो माझ्या कडेवर हलकेच टेकवायचा. जास्त दाबला तर दोरी तुटते, कमी दाबला तर मासा गोराईला पोचतो. पास्कूला दोन मुलगे. थोरला गॅब्रियल, धाकटा सेलेस्टिन. दोघांना समुद्रकाठच्या खडपावर उभं करून तो ओरडायचा, “अंगठा ठेव! अंगठा ठेव रे, गाढवा!” दुसरं काही त्यानं पोरांना शिकवलं असेल असं मला वाटत नाही. पण हे असं शिकवलं की झोपेत उठवलं तरी दोघांचा अंगठा आधी पुढे यायचा.

आणि दुसरा नियम होता गोड्या पाण्याचा. घरी आलं की पहिला तांब्या माझा. आमच्या आळीत टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, बायका हंड्यांवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, तरी पहिला तांब्या माझा. पास्कूची बायको करवादायची, “नवरा माझा, पण आंघोळ तिची आधी!” मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. मग खुंटी. गावच्या सणाच्या आदल्या दिवशी आम्ही एकदा बारा किलोचा जिताडा काढला, तेव्हा जे जाळीवाले हसले होते तेच वाटीभर रस्सा मागायला आले. मी खुंटीवरून बघत होते. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नऊ वर्षांपूर्वी पास्कू गेला.

जाताना त्यानं नातीला, गॅब्रियलच्या मेगनला, जवळ बोलावलं होतं. पंधरा वर्षांची होती ती. म्हणाला, “बाय, चक्री आणि काठी येगळी करू नको. येकटी येकटी ती कोणाच्याच कामाची न्हाय.” मेगननं मान हलवली. पोरीच्या मानेला वाटणीत कोण विचारतो?

वाटणी झाली आणि अशी झाली की शत्रूवर अशी वेळ येऊ नये. घराच्या आणि अंगणाच्या मधून भिंत घातली. ताटं, हंडे, पाटा एकाला, वरवंटा दुसऱ्याला. शेवटी उरलो मी आणि बांबू. मुर्ध्याचा धाकूतात्या, पास्कूचा जन्माचा दोस्त, मध्यस्थ म्हणून बसला होता. तो म्हणाला, “अरे, ही एक वस्तू हाय. एकानं घ्या, दुसऱ्यानं मन मोठं करा.” मन मोठं! त्या घरात त्या दिवशी कोणाचं मन शेंगदाण्याएवढंही नव्हतं. सेलेस्टिन उठला, पेचकस आणला आणि माझे स्क्रू काढायला लागला.

“चक्री तुला. काठी मला. झाला न्याय.”

गॅब्रियल म्हणाला, “स्क्रू इकडे दे. चक्रीचे हायेत.”

“बांबूत व्हते, म्हणजे बांबूचे,” असं म्हणून सेलेस्टिननं चारही स्क्रू खिशात घातले.

बायबलातल्या शलमोन राजानं दोन बायकांच्या भांडणात बाळ कापायला सांगितलं तेव्हा खरी आई तरी रडली होती. इथं कोणाचा डोळा ओला झाला नाही. धाकूतात्या चहा न घेताच उठून गेला. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. आणि मी त्या दिवसापासून सेलेस्टिनला शिव्या घालते आहे. स्क्रूचोर मेला!

आता दोघांचीही पंचाईत झाली. गॅब्रियलकडे चक्री, पण काठी नाही. त्यानं मला पिशवीत घातलं आणि मेगनला घेऊन नया नगरातल्या एका दुकानात गेला. तिथं भिंतभर नव्या काठ्या, काळ्या, चकचकीत, बोटाएवढ्या बारीक. कार्बनच्या म्हणे. दुकानदारानं मला हातात घेतलं, फिरवलं आणि हसू दाबत म्हणाला, “चाचा, ये तो अँटिक है. शोकेस में रखो.”

माझ्या पितळाचा तिळपापड झाला.

“काठी दाखव,” गॅब्रियल म्हणाला.

दुकानदारानं काठी दाखवली, वर त्या काठीला शोभेल अशी नवी रीलही दाखवली. मान्य करते, नाइलाजानं का होईना मान्य करते, की नवी रील म्हणजे काही साधं प्रकरण नाही. मूठ एकदा फिरवली की आतलं पाच-सहा वेळा फिरतं. फेकली की दोरी सुळ्ळकन जाते, माझ्या दुप्पट लांब. आणि डोक्यावर एक चावी असते. ती आवळली की मासा कितीही ओढो, रील स्वतःच हिशेबानं दोरी सोडते. अंगठा लागतच नाही. “बस ये नॉब टाइट करो, चाचा. उंगली लगाने का काम ही नहीं. और ये धागा कभी हाथ से मत पकड़ना, ब्लेड है ब्लेड!” दुकानदार म्हणाला. माझी दोरी तंगूस, म्हणजे नायलॉनची, जाड आणि गुळगुळीत, हातानं ओढा नाहीतर दातानं. नवी दोरी विणलेली, केसासारखी बारीक आणि म्हशीला बांधली तरी तुटायची नाही. गॅब्रियलनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, रील नको, फक्त काठी दे.

दुकानदार डोकं खाजवत म्हणाला, “कमाल है. परसों उत्तन से ही एक चाचा आये थे, पुरानी लकड़ी लेके. उनको सिर्फ रील चाहिए थी. आप दोनों मिल जाओ ना, मेरे पास काहे को आते हो?”

मेगन हसली. गॅब्रियलनं तिच्याकडे असं बघितलं की तिचं हसू जागच्या जागी विरलं.

त्यानंतरची वर्षं काय सांगू? मला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं त्या कार्बनच्या काडीला बांधलं. काडीच्या बुडाची खाच नव्या रीलच्या मापाची, माझा पाय तिच्यात मावेना. मी डुगडुगायचे. भिंतीपलीकडे माझ्या बांबूवर ती काळी बया, ती नवी रील, बसवली होती. बांबूवरच्या दोरी ओवायच्या कड्या लहान, बयेची दोरी वेटोळ्यांनी सुटायची आणि पहिल्या कडीतच अडखळायची. दोन्ही भाऊ पहाटे एकाच खडपावर यायचे, दहा पावलं अंतर ठेवून उभे राहायचे, आणि दोघांची फेक बापाच्या अर्ध्यावर पडायची. शिंगाळा लागायचा, पालू लागायचा, जिताडा एकालाही नाही. गाव म्हणायचं, पास्कूचे पोरगे समुद्रात न्हाय, एकमेकांच्या डोळ्यांत गळ टाकतात. गाव कधी कधी बरोबर बोलतं.

मेगननं प्रयत्न केला नाही असं नाही. मोठी झाली, मीरा रोडला लॅबमध्ये कामाला लागली, तरी दर वर्षी एकदा काकाच्या दारात उभी राहायची. “काका, स्क्रू द्या ना. निदान काठी बघू तरी द्या.”

“तुझ्या बापाला येऊ दे. त्याला तोंड न्हाय?”

इकडे येऊन सांगितलं की गॅब्रियल भडकायचा. “मी? त्याच्या दारात? चक्री समुद्रात फेकीन, पण त्याच्या दारात जायचो न्हाय!”

मला समुद्रात फेकणार होता म्हणे. चाळीस वर्षं राबवलं त्याचं हे बक्षीस. गोडं पाणी तर कधीच बंद झालं होतं. “उद्या धुतो,” म्हणायचा. त्याचा उद्या अजून यायचाय. माझ्या कडांवर हिरवं चढलं, आत मिठाचे खडे साठले. आणि बांबू? त्या सेलेस्टिननं त्याला गच्चीवर उन्हात टाकला होता, वर सुकत घातलेली जाळी. मला गॅब्रियलच्या खिडकीतून दिसायचं. रोज दिसायचं आणि रोज माझा जीव जळायचा. मला दुसरं काही नको होतं. माझा बांबू आणि माझे चार स्क्रू, बस्स.

मग गेल्या ऑक्टोबरातली ती सकाळ आली. पाऊस सरला होता, खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडत होतं, भरती लागली होती. जिताड्याचं पाणी. दोघं भाऊ आपापल्या जागी. मेगनला सुट्टी होती, ती मागे दगडावर बसली होती. एवढ्यात सेलेस्टिनची काठी वाकली.

वाकली म्हणजे कशी! माझा बांबू इतका वाकलेला मी नऊ वर्षांत बघितला नव्हता. पाण्यात चांदीसारखं काहीतरी उसळलं, तोंड उघडं, डोकं झटकत. जिताडा. मोठा. माझ्या अंगावर काटा आला.

आणि मग मी बघितलं की सेलेस्टिननं बयेची चावी कधी आवळलीच नव्हती. सैल ठेवली होती, एवढी वर्षं! बापानं शिकवलेलं, ब्रेक म्हणजे अंगठा. चावीबिवी शहरातल्या पोरांची. लहान माशांवर ते खपून गेलं होतं. जिताड्यानं धाव घेतली, बया किर्र ओरडली, दोरी सुसाट सुटली, आणि सेलेस्टिनचा अंगठा आपोआप पुढे आला. त्यानं ती विणलेली दोरी अंगठ्याखाली बांबूवर दाबून धरली.

“अंगठा काढ!”

हे ओरडलं कोण माहीत आहे? गॅब्रियल. नऊ वर्षांनी पहिला शब्द. “अंगठा काढ, गाढवा! चावी आवळ! कापंल तो!”

सेलेस्टिननं ऐकलं. मला शपथेवर सांगा म्हटलं तर सांगते, त्यानं ऐकलं. त्याची मान वळली. पण सांगणारा गॅब्रियल होता ना! दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर काढलाही असता. त्यानं दात खाल्ले आणि आणखी दाबला. “तू मला शिकवू नको!” एवढं म्हणेपर्यंत त्याच्या मनगटावरून रक्त ओघळायला लागलं होतं. दोरी मांसात घुसली, आणि घुसली तिथं अडकली. दोरी अडकली तसा सगळा ओढा बांबूवर आला. उन्हानं वाळून कडकड झालेला माझा बांबू, त्याच्यानं किती सोसवणार? बुडापासून दीड हातावर मोडला. तो आवाज मी विसरणार नाही. आता सेलेस्टिनला अंगठा काढायचा होता, पण निघेना. मासा त्याला अंगठ्याला धरून खडपाच्या कडेकडे ओढत होता.

गॅब्रियलनं मला फेकलं. हो, दगडावर फेकलं. माझी मूठ वाकली, कडेचा एक टवका उडाला. दहा पावलं तो म्हातारा शेवाळावरून धावला, कमरेचा सुरा काढला आणि दोरी कापली.

जिताडा गेला. जाता जाता शेपटी आपटून गेला.

तुम्हाला वाटेल, आता भाऊ भावाच्या गळ्यात पडला असेल. पडतोय! सेलेस्टिन अंगठा मुठीत धरून बोंबलत होता, “माझा जिताडा सोडलास! मुद्दाम सोडलास! जळतोस माझ्यावर!” आणि गॅब्रियल आपला शर्ट फाडून त्याच्या हाताला बांधता बांधता ओरडत होता, “मर मग! अंगठा न्हाय राहिला तर जाळी काय नाकानं विणशील?” कारण सेलेस्टिनचं पोट बंदरावर फाटकी जाळी विणण्यावर. अंगठा गेला की सगळं गेलं, हे दोघांनाही माहीत होतं. मेगननं रिक्षा आणली. दवाखान्यापर्यंत दोघं एकमेकांच्या सात पिढ्या काढत गेले. त्या सात पिढ्या एकच होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. रिक्षावाला म्हणे मागे वळून बघायलाही घाबरत होता.

अकरा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं झालं असतं तर शीर गेली असती. अंगठा वाचला.

मला मेगननं खडपावरून उचलून घरी आणलं. मी गॅब्रियलवर चिडायला हवं होतं. चिडावं म्हणून मी खूप प्रयत्न केला. नाही जमलं.

आठ दिवस भिंतीपलीकडून शिव्याच येत होत्या. इकडूनही जात होत्या. पण नऊ वर्षं त्या भिंतीतून काहीच आलं-गेलं नव्हतं, तेव्हा तेवढं तर तेवढं.

नवव्या दिवशी रविवारी, चर्चहून आल्यावर, भिंतीवरून काहीतरी धप्पकन आमच्या अंगणात पडलं. माझा बांबू. म्हणजे बुडाचा दीड हात उरलेला तुकडा. पाठोपाठ पलीकडून आवाज आला, “घे! तुझी चक्री ठेवायला व्हईल!” आणि मग भिंतीवर एक पट्टी बांधलेला हात दिसला, आणि त्यानं बामची एक छोटी डबी अलगद भिंतीच्या माथ्यावर ठेवली.

मेगननं डबी उघडली. आत तेल होतं, शिलाई मशीनचं. ताजं, स्वच्छ. आणि त्यात बुडालेले माझे चार पितळी स्क्रू. एकावरही गंजाचा ठिपका नव्हता. नऊ वर्षं तो माणूस तेल बदलत आला होता. काठी उन्हात सडवली मेल्यानं, आणि स्क्रू तेलात जपले! गॅब्रियल डबीकडे बघत पायरीवर बसला. त्यानं वास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाला, “तेल झोंबतंय.”

मग तो उठला. तांब्या भरला आणि माझ्यावर ओतला. गोडं पाणी! नऊ वर्षांनी! मीठ निघालं, हिरवं निघालं, मी परत फिरायला लागले. मेगन तो तुकडा मांडीवर घेऊन बसली, मला त्याच्या बुडाशी टेकवलं. बांबूत माझ्या पायाचा ठसा अजून होता. मी त्यात बसले. उरलेला बांबू कुठे समुद्रात असेल तो असो.

मित्रांनो, आता सांगायचं ते सांगते आणि तोंड मिटते. नव्या रीलला नावं ठेवू नका, ती ठेवायला मी आहे. पण तिची चावी काय करते ते आधी शिका, आणि जुनीला अंगठा कसा लावतात तेही कुणाकडून तरी शिकून घ्या. खाऱ्या पाण्यातून आलेल्या कुठल्याही वस्तूला त्याच दिवशी गोडं पाणी दाखवा, उद्या नाही. आणि वाटणी करायची वेळ आलीच, तर देवाच्यान सांगते, ताटं वाटा, हंडे वाटा, एका कामाच्या दोन वस्तू वाटू नका.

मेगननं तीन स्क्रू आवळले. चौथा घातला तो फिरतच राहिला. पुन्हा काढला, पुन्हा घातला. भोक मोठं, स्क्रू सैल. तिला काय माहीत? गॅब्रियलही विसरला होता. ती चिडून पेचकस आपटणार, तोच भिंतीपलीकडून आवाज आला. बहुतेक कान लावूनच बसला होता तो.

“चौथा सैल हाय! कागद घाल त्यात!”

मेगन बापाकडे बघायला लागली. मीही. गॅब्रियलचा चेहरा लाल झाला, जबडा हलला. ‘तू मला शिकवू नको’ आता येणार, आता येणार, असं मला वाटत होतं. तो उठून घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चर्चच्या कॅलेंडरचा फाडलेला कोपरा होता.

“घे,” तो मेगनला म्हणाला. “काका सांगतो तसा घाल.”